बघण्याची फेरी

रेंडरला मराठीत काय म्हणतात, हे इतकी वर्षं ते करूनही मला ठाऊक नाही. कॅम्प-वन वस्तीतल्या माझ्या व्हिडिओच्या दुकानात आम्ही त्याला ‘भट्टीत टाकणं’ म्हणायचो. भिलाईत दुसरं काय म्हणणार! बाप पोलादाच्या प्लांटमध्ये, काका प्लांटमध्ये, समोरच्या पानवाल्याचा मेहुणासुद्धा प्लांटमध्ये. गिऱ्हाईक फोनवर विचारायचं, "भाऊ, आमचं लग्न झालं का?" आणि मी सांगायचो, "झालं, आता भट्टीत हाय, उद्या या." नव्या माणसाला वाटायचं, काहीतरी अशुभ झालं.

दिवाळी अंकासाठी लग्नाच्या शूटिंगमधल्या गमतीजमती लिहा, असं संपादकांनी सांगितलं. गमती आहेत, नाही असं नाही. पण लिहायला बसलो की एकच लग्न डोळ्यांपुढे येतं आणि त्यात गंमत औषधालाही नाही. तेव्हा आधी संपादकांचा मान राखतो, मग माझं सांगतो.

रसमड्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर असलेले गृहस्थ होते. नातवाच्या बारशाची दोन तासांची फिल्म त्यांना मोबाइलवरून सगळ्या नातलगांना पाठवता येईल इतकी छोटी पाहिजे होती, आणि "मामाच्या आंगठीतला खडा दिसला पायजे" ही अट होती. मी त्यांना अर्धा तास समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे तुमचा कंप्युटर कमजोर हाय." दुसरे एक प्लांटमधून निवृत्त झालेले क्रेन ऑपरेटर. त्यांनी मुलीच्या लग्नाचा पेनड्राइव्ह तळहातावर ठेवून दोनदा वरखाली केला आणि म्हणाले, "भाऊ, हलका लागून राहिला. पूर्ण टाकलं ना?" उभा जन्म वजन उचलण्यात गेलेला माणूस. मी हसलो नाही. पूर्ण टाकलंय असं सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी तो खिशात घातला.

आता बाहेरच्या माणसासाठी धंदा थोडा उलगडून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. लग्नात आम्ही जे चित्रीकरण करतो त्याला मटेरियल म्हणतात. ते अवाढव्य असतं. त्यातलं नको ते कापायचं, हवं ते जोडायचं, गाणी टाकायची आणि मग कंप्युटरला सांगायचं, आता ह्याची एक फाईल बनव. तीच भट्टी. त्या वेळी समोर एक खिडकी उघडते आणि ढीगभर प्रश्न विचारते. सगळ्यांचा अर्थ मात्र एवढाच असतो की फाईल किती लवकर पाहिजे, किती छोटी पाहिजे आणि किती साफ पाहिजे. तिन्ही एकदम मिळत नाहीत. गिऱ्हाईक पहिल्या दोन गोष्टी बोलून दाखवतं. तिसरी त्यानं गृहीत धरलेली असते.

फाईल छोटी करायची म्हणजे दर सेकंदाला राशन बांधून द्यायचं. जे हलत नाही ते कमी खातं. मांडवाचा पडदा, सोफ्यावर पेंगणारे पाहुणे, हे कंप्युटर एकदा काढतो आणि पुढे तेच चालवतो. जे हलतं ते खातं. नाचणारी वरात खाते, धुराचं मशीन खातं, आणि सगळ्यात जास्त खातात अक्षता. हवेतला एकेक तांदूळ हलत असतो ना! राशन कमी पडलं की हलणारी वस्तू फिसकटते, तिचे चौकोन चौकोन होतात. पाहुण्यांचं तिकडे लक्ष नसतं, त्यांना स्वतःचं तोंड दिसलं म्हणजे झालं.

हे राशन वाटायच्या दोन रीती आहेत. एक सरसकट, प्रत्येक सेकंदाला सारखं, मग तिथे कोणी पेंगत असो की नाचत असो. दुसऱ्या रीतीत कंप्युटर अख्खं लग्न आधी एकदा नुसतं बघून घेतो. लिहीत काही नाही. कुठे धांदल आहे, कुठे शांतता आहे, ते टिपतो आणि मग दुसऱ्या फेरीत जिथे गरज तिथे जास्त देतो. ह्याला वेळ दुप्पट लागतो. त्या पहिल्या फेरीला मी बघण्याची फेरी म्हणायचो.

आता कुसुमकाकू.

खुर्सीपारमध्ये राहणाऱ्या कुसुमकाकू जन्मापासून बहिऱ्या. त्यामुळे बोलणंही आलं नाही. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन इथे आल्या, शाळेत कधी गेल्या नाहीत. गल्ली त्यांना ‘मुकी काकू’ म्हणायची, मीही म्हणायचो. आज त्याची लाज वाटते, कारण त्या अखंड बोलायच्या. वाचता आपल्याला येत नव्हतं. नवरा प्लांटमध्ये होता. तो, काकू आणि एकुलती एक पल्लवी, अशा तिघांनी घरातल्या घरात हातांची एक भाषा केली होती. डोक्यावर पालथा पंजा ठेवला की बाबा, कारण हेल्मेट. खांद्यावरून दोन बोटं खाली ओढली की पल्लवी, कारण लहानपणच्या दोन वेण्या. मनगटावर टिचकी म्हणजे ड्यूटी. अशी शेकडो. नवरा आजारपणात गेला, तेव्हा त्या भाषेची जगात दोनच माणसं उरली. काकूंचा भाऊ शेजारीच राहायचा, पण त्याला जेवण, दवाखाना, चल, थांब, एवढंच यायचं.

पल्लवीचं लग्न गोंदियाला ठरलं, रेल्वेतल्या मराठी घरात. शूटिंग माझ्याकडे आलं. लग्नाच्या आधी पल्लवी दुकानात येऊन म्हणाली, "काकाजी, एक गोष्ट हाय. मंगलाष्टक आईसुद्धा म्हणणार."

मी म्हणालो, "आई? कशी?"

"हातानं. तिनं स्वतः बनवलं हाय. मले नाही दाखवून राहिली. मी विचारलं त म्हणते, लग्नात दाखवीन. तुम्ही कॅमेरा तिच्यावर ठेवजा, हां?"

ठेवतो, म्हटलं. आणि ठेवला, एवढं मी ठामपणे सांगू शकतो.

समाजभवनात लग्न लागलं. मामा, आत्या, नवऱ्याकडची दोन माणसं, सगळ्यांची मंगलाष्टकं झाली. मग भटजींनी माइक खाली केला आणि काकू नवरदेवाच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या, म्हणजे लेकीच्या समोर. हॉल शांत झाला. काकूंनी दोन्ही हात वर केले आणि म्हणायला सुरुवात केली. दीडेक मिनिट चाललं असेल. मध्ये त्या एकदा थांबल्या, डोळे पुसले, पुन्हा सुरू झाल्या. संपलं तेव्हा भटजींनी ‘सावधान’ म्हटलं, पण लोकांना तेवढा दम कुठला! काकूंचे हात वर गेल्यापासूनच चहूकडून अक्षतांचा मारा चालू होता. बहिऱ्या बाईनं मंगलाष्टक म्हटलं, ह्याचंच लोकांना इतकं भरून आलं होतं की मूठ आवरत नव्हती.

एक गोष्ट मात्र कोणाच्याच ध्यानात आली नाही, ना काकूंच्या, ना पल्लवीच्या, ना माझ्या. मध्ये अंतरपाट होता. मुलीला आईचा आवाज ऐकू आला असता, पण ह्या आईला आवाज नव्हता. पाटावर उभ्या पल्लवीला कापडाच्या वर अधूनमधून बोटांची टोकं दिसली, बाकी काही नाही. मागे उभ्या मामालाही तेवढंच. उरलेल्या सगळ्या हॉलनं सगळं पाहिलं आणि त्यातल्या एकालाही वाचता येत नव्हतं. कापड बाजूला झालं तेव्हा हार, बँड, गर्दी, आणि काकू मागे लोटल्या गेल्या होत्या.

मी लेन्समधून पाहत होतो. पण मी उजेड पाहत होतो, फोकस पाहत होतो. हातांनी काय सांगितलं ते मला कसं कळावं?

पाठवणीच्या वेळी पल्लवीनं आईला विचारलं होतं, तू काय म्हटलंस? काकूंनी हसून डोळ्यापुढे चौकट केली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. व्हिडिओत पाहा.

महिनाभरानं पल्लवीचे सासरे सकाळी दुकानात हजर. निवृत्त रेल्वे गार्ड, घड्याळावर चालणारा माणूस. काही कामानं शेजारच्या दुर्गला आले होते. म्हणाले, "व्हिडिओ घेऊनच जातो. चारची गाडी हाय माही. आणि एकच फाईल पायजे. पार्ट वन, पार्ट टू नाही. मधी उठून रिमोट शोधत नाही बसणार मी."

लग्न चार तासांचं. टीव्हीला लागणाऱ्या पेनड्राइव्हवर एक फाईल चार जीबीच्या वर चढत नाही. म्हणजे किती छोटी, हे त्यांनी ठरवलं. किती लवकर, हे गाडीनं ठरवलं. दोन फेऱ्या केल्या असत्या तर संध्याकाळ झाली असती. मी म्हणू शकलो असतो की साहेब, तुम्ही जा, मी चार दिवसांनी पाठवतो. दोन भाग करून हातात ठेवू शकलो असतो, एकदा उठल्यानं गार्डसाहेब झिजले नसते. ह्यातलं काही मी केलं नाही. त्या खिडकीत बघण्याच्या फेरीपुढची खूण काढून टाकली आणि सरसकट राशन बांधून दिलं. फार काही जड गेलं नाही. घाईच्या गिऱ्हाइकासाठी नेहमी तेच करत आलो होतो.

दुपारी फाईल निघाली. मी तपासली, म्हणजे आमच्या धंद्यात तपासतात तशी तपासली. सुरुवातीची दोन मिनिटं, शेवटची दोन मिनिटं आणि मधला एक नाच. सगळं ठीक होतं. सासरे वेळेत स्टेशनवर पोचले.

पंधरा दिवसांनी पल्लवीचा फोन आला. "काकाजी, आईचे हात नाही दिसून राहिले. चेहरा एकदम साफ हाय, पर हात सब धुंधला है. तांदूळच तांदूळ दिसते."

ह्यावर आमच्या धंद्यात एक वाक्य तोंडपाठ असतं. मी म्हणालो, "टीव्हीचं सेटिंग पाहून घे बरं पोरी. शार्पनेस वाढव."

"टीव्ही नवा हाय, काकाजी."

"नव्यात जास्तच होते तसं."

ती म्हणाली, "ठीक हाय. तसं आईले मी व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं. ते म्हणते, फोनवर नाही, दिवाळीले ये, समोर बसून म्हणून दाखवीन."

मला हायसं वाटलं. हे लिहिताना पेन जड होतं, पण लिहितोच. त्या दिवशी सगळं मटेरियल माझ्या डिस्कवर शाबूत होतं. दीड मिनिटाचा तुकडा काढून साफ फाईल बनवायला चहा प्यायला लागतो तेवढा वेळ लागला असता. मी तो दिला नाही, कारण तो दिला म्हणजे आपली चूक होती हे कबूल करावं लागलं असतं. आणि मला वाटलं, दिवाळी आहेच ना.

पितृपक्षात आमच्याकडे कामं नसतात. त्या पंधरवड्यात मी दरवर्षी दुकान झाडून काढायचो, वायरी पुसायचो आणि पुढच्या मोसमासाठी डिस्क रिकाम्या करायचो. तीन महिने झालेलं मटेरियल पुसायचं, असा दुकानाचा नियम, तो भिंतीवरही लावलेला होता. त्या वर्षीही पुसलं. काकूंच्या नावाच्या फोल्डरवर आलो तेव्हा हात अडखळला, असं लिहायला मला आवडलं असतं. नाही अडखळला. वरून खाली यादी धरून पुसत गेलो आणि त्यात ते गेलं.

नवरात्रात काकूंना लकवा मारला. उजवी बाजू गेली. जीव वाचला, चेहराही बऱ्यापैकी राहिला, पण उजवा हात मांडीवर पडून राहायला लागला. डाव्याची बोटं थरथरायची.

पल्लवी धावत आली. दवाखान्याची गडबड ओसरल्यावर एका दुपारी ती दुकानात येऊन समोरच्या खुर्चीवर बसली. म्हणाली, "काकाजी, आई आता बोलू नाही शकत." तिच्या तोंडून हे वाक्य ऐकताना मला पहिल्यांदा नीट कळलं की काकू आधी बोलू शकत होत्या. "अर्ध्या गोष्टीले दोन हात लागतात. डाव्या हातानं ते काही तरी करते, मले नाही समजत. मंगलाष्टकाचं ओरिजिनल द्या तुम्ही. तेवढंच हाय आता."

मी खोटं बोललो नाही, तेवढी अक्कल उशिरा का होईना आली होती. म्हणालो, "पुसलं पोरी. आणि तुझा टीव्ही खराब नव्हता. मीच घाईत काढलं होतं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "कावून पुसलं, काकाजी?" बस, इतकंच. मी भिंतीवरच्या नियमाकडे पाहिलं आणि मग तिकडे पाहण्याचीही लाज वाटली.

मग आम्ही धडपड केली. पुसलेलं परत आणणाऱ्याकडे डिस्क नेली. त्यावर मी तोवर तीन नव्या कामांचं मटेरियल चढवलं होतं, हाती काही लागलं नाही. नातलगांच्या मोबाइलमधले व्हिडिओ मागवले. सगळ्यांचे मोबाइल नवरानवरीवर रोखलेले, एकात काकूंचं कोपर होतं. फोटोवाल्याकडे चार फोटो निघाले. फोटोत शब्द सापडतो, वाक्य सापडत नाही. माझ्या फाईलमध्ये एकच शब्द वाचता येत होता. काकूंनी डोक्यावर पालथा पंजा ठेवला होता आणि क्षणभर तसाच धरला होता. हात स्थिर, म्हणून साफ. बाबा. त्याच्या पुढेमागे नुसते करडे चौकोन आणि तांदूळ.

आता फिसकटलेलं चित्र साफ करून देणारे नवे प्रोग्राम निघाले आहेत. दुर्गमधल्या एका ओळखीच्याकडून मी ते दीड मिनिट करून आणलं. काय सुंदर झालं होतं! पाची बोटं, नखं, बांगड्यांची चमक. मी जवळजवळ पळतच पल्लवीला दाखवायला गेलो. तिनं दोनदा पाहिलं आणि मान हलवली.

"काकाजी, हे आई नाही बोलून राहिली. हे कोणी दुसरंच बोलून राहिलं. ह्याचा काही मतलबच नाही."

बरोबरच होतं तिचं. यंत्रानं चौकोनांच्या जागी त्याला सुचली तशी बोटं बसवली होती. जिथे बोलणं होतं तिथे आता देखणी बडबड होती. ती फाईल मी तिथेच पुसली. पुसण्यात मी तरबेजच होतो.

शेवटचा उपाय पल्लवीनंच काढला. खुद्द आईलाच ते दाखवायचं. पाहून तिला आठवेल, आणि डाव्या हातानं जमेल तेवढं ती सांगेल. मी लॅपटॉप घेऊन खुर्सीपारला त्यांच्या घरी गेलो. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून हसल्या. त्यांना माहीत होतं की नाही, कोणाच्या हातून हे झालं? पल्लवीनं सांगितलं नसावं.

मी ते दीड मिनिट लावलं. काकू पुढे वाकून पाहत राहिल्या. तीनदा लावलं. मग त्यांनी डाव्या हातानं काहीतरी सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं. पल्लवी म्हणाली, "आई म्हणते, चेहरा छान काढला तुम्ही." माझ्यानं वर बघवेना.

पल्लवीनं हातांनी विचारलं, काय म्हटलं होतंस? काकूंनी डावा हात उचलला, डोक्यावर ठेवला. बाबा. मग खांद्यावरून दोन बोटं ओढली. पल्लवी. पुढच्या शब्दाला दोन हात हवे होते. त्यांनी मांडीवरच्या उजव्या हाताकडे पाहिलं, जोर लावला, आणि तो हलला नाही. पुन्हा पडद्याकडे पाहिलं, पण तिथे तर चौकोन होते. त्या चेहऱ्यावर जे आलं ते मी सांगत नाही.

पल्लवीनं आईचा तो पडलेला हात उचलून आपल्या हातांत घेतला. बोटं एकेक करून मिटली, अंगठा बाहेर काढला, आणि आईकडे पाहिलं. असं? काकूंनी मान हलवली, नाही. तिनं दोन बोटं सरळ केली. असं? नाही. पंजा छातीशी नेला, मग कपाळाशी नेला, डाव्या पंजावर आडवा ठेवला. नाही, नाही. घामेजली पोरगी. काकूही थकत चालल्या होत्या, डोळे मिटायला लागले होते. शेवटी पल्लवीनं तो हात उघडला, स्वतःच्या गालावर धरला आणि तशीच बसून राहिली. विचारलं काही नाही, नुसती बघत राहिली.

काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. हो.

पल्लवी रडत रडत माझ्याकडे वळली. "काकाजी, हेच होतं. हेच म्हटलं होतं तिनं. हो ना?"

मी ते दीड मिनिट इतक्या वेळा पाहिलंय की डोळे मिटूनही दिसतं. चौकोन असले तरी हात कुठून कुठे गेला, एवढं त्यात कळतं. काकूंचा हात त्यात एकदाही गालापाशी गेलेला नाही.

मी म्हणालो, "हो बाई. हेच होतं."